देवाच्या दारातही डोळे उघडे हवेत

मैत्रिणींनो, मुलांना घराबाहेर पाठवताना आपण किती सूचना देतो, आठवून बघा. अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस. रिक्षात एकटी बसू नकोस. क्लास सुटला की सरळ घरी ये, अंधार पडायच्या आत ये. वयात आलेल्या मुलीला तर या सूचना तोंडपाठ झालेल्या असतात. पण हीच मुलगी किंवा तिचा धाकटा भाऊ 'चर्चमध्ये गाण्याची प्रॅक्टिस आहे', 'महाराजांच्या शिबिराला चाललोय' असं म्हणाला, की आपण एकही प्रश्न विचारत नाही. उलट बरं वाटतं. पोर मोबाइलपुढून उठलं, देवाधर्माला लागलं! तिथे कसली आलीय भीती?

विडी कामगार बायकांच्या एका बचत गटात मी हा विषय काढला होता. आमच्या सोलापुरात पहाटेपासून सुपात पानं-तंबाखू घेऊन बसणाऱ्या हजारो बाया आहेत. हजार विड्या वळून झाल्याशिवाय त्यांना मान वर करायला फुरसत नसते. मग मुलं कुठे असतात? कोणी फुकट शिकवणी घेतं तिथे, कोणी खाऊ देतं तिथे, कोणी भजन-प्रार्थना शिकवतं तिथे. मी विचारलं, ''तिथे मुलांबरोबर कोण असतं, कधी जाऊन बघितलंय का?'' क्षणभर सगळ्या गप्प. मग एक आजी म्हणाल्या, ''ताई, देवाच्या माणसावर संशय घ्यायचा व्हय? पाप लागंल की.''

आजींचं हे एक वाक्य म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मनातली गोष्ट आहे. आपण देवळात जाणाऱ्या असू, चर्चमध्ये जाणाऱ्या असू नाहीतर दर्ग्यात, देवाच्या माणसाला प्रश्न विचारायला आपली जीभ रेटत नाही. वाईट हेतूने आलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं.

ओळखीचाच माणूस

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलण्यात आलं. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणखी एक गोष्ट तुम्हाला चकित करील. त्रास झालेल्या मुलांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा थोडी जास्तच होती. 'मुलगाच आहे, त्याला काय होतंय' असं म्हणून आपण ज्याला बिनधास्त सोडतो, तोच अनेकदा सापडतो. तो सांगत नाही, कारण 'मुलगा असून रडतोस?' हे त्याने घरातच ऐकलेलं असतं.

गोवंडीच्या आईची लढाई

मुंबईत गोवंडीला शिवाजीनगर नावाची वस्ती आहे. दाटीवाटीची, कष्टकऱ्यांची. २०१५ च्या नोव्हेंबर महिन्यात तिथल्या चर्चमधून घरी आलेल्या एका १३ वर्षांच्या मुलाने आईला सांगितलं, की फादरनी माझ्यावर अत्याचार केला. त्या आईवर काय आभाळ कोसळलं असेल! जिथे ती दर रविवारी गुडघे टेकत होती, त्याच ठिकाणी तिच्या लेकराबरोबर हे झालं होतं.

घाबरलेलं, श्रद्धाळू कुटुंब जे करील तेच त्यांनी केलं. ते आधी आपल्या धर्मातल्या मोठ्या माणसाकडे गेले. तेव्हाचे मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांना ते भेटले. पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत बीबीसीने ही सगळी हकिगत जगासमोर आणली. आपण त्याच रात्री रोमला निघालो आणि पोलिसांना कळवलं नाही, हे कार्डिनलनी बीबीसीजवळ मान्य केलं. दुसऱ्या दिवशी आपण बिशपना फोन केला तेव्हा कुटुंबच पोलिसांत गेल्याचं कळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाला औषधोपचारांची गरज आहे हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, असंही ते म्हणाले.

म्हणजे पोलिसांचं दार कुणी ठोठावलं? त्या गरीब कुटुंबाने स्वतः. आणि त्यांना काय मिळालं? आईने बीबीसीला सांगितलं, की चर्चमधले लोक आमच्याशी बोलेनासे झाले, प्रार्थनेच्या वेळी शेजारी बसेनासे झाले. शेवटी ते चर्च आणि ते राहतं घर दोन्ही सोडायची वेळ त्यांच्यावर आली.

तरीही त्यांनी केस सोडली नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयाने फादर जॉन्सन लॉरेन्स यांना दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. मध्ये सहा वर्षं गेली होती. तेरा वर्षांचं पोर एकोणीस वर्षांचं झालं होतं.

या हकिगतीत मला दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मूल बोललं आणि आईने विश्वास ठेवला. 'असं बोलू नये, फादर आहेत ते' असं म्हणून तिने त्याचं तोंड बंद केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. दुसरी, मोठ्यांच्या दारात वाट बघत न बसता हे कुटुंब पोलिसांकडे गेलं.

सेवेचा बुरखा

हे आजचंच आहे असंही नाही. गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस 'गुरुकुल' नावाने अनाथ मुलांसाठी घर चालवायचा. लोकांच्या नजरेत सेवाभावी, देवभीरू माणूस. एप्रिल १९९१ मध्ये पोलिसांनी त्याला पकडलं, तेव्हा त्याच्याकडे मुलांचे २,३०५ अश्लील फोटो सापडले. परदेशातून येणाऱ्या माणसांना तो ही मुलं पुरवत होता. पत्रकार आणि कार्यकर्त्या शीला बारसे यांनी हे प्रकरण लावून धरलं. मार्च १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि तुरुंगातच त्याचा शेवट झाला. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला.

मुंबईत कुलाब्याच्या 'अँकरेज' या रस्त्यावरच्या मुलांसाठीच्या निवाऱ्याची गोष्टही अशीच. डंकन ग्रँट आणि अॅलन वॉटर्स हे दोघे ब्रिटिश. बेघर पोरांना जेवण, कपडे, निवारा देणारे. २००१ मध्ये तक्रार झाली. २००६ मध्ये शिक्षा झाली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षं! तेव्हा मुलांसाठी वेगळा कायदाच नव्हता.

ही दोन्ही ठिकाणं चर्चची नव्हती. पण पद्धत तीच होती. गरजू मुलं, उपकार करणारा मोठा माणूस आणि 'एवढा चांगला माणूस असं करणारच नाही' म्हणणारा समाज.

जगभर काय झालं?

अमेरिकेत बोस्टन शहरातल्या 'बोस्टन ग्लोब' या दैनिकाने २००२ मध्ये एक लेखमाला छापली आणि कॅथलिक चर्च हादरलं. तक्रार आलेल्या धर्मगुरूंना पोलिसांकडे देण्याऐवजी एका गावातून दुसऱ्या गावात बदली करून पाठवलं जात होतं. नव्या गावात कुणाला काही माहीत नाही, मुलं तिथेही असतातच. फ्रान्समध्ये २०२१ साली एका स्वतंत्र आयोगाने अंदाज काढला, की १९५० पासून धर्मगुरूंच्या अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांची संख्या २ लाख १६ हजारांच्या घरात आहे. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीनामा जाहीर करावा लागला. मुलांच्या शिबिरांशी संबंधित एका माणसाच्या अत्याचारांची माहिती मिळूनही पाठपुरावा नीट झाला नाही, असा ठपका चौकशी अहवालात होता.

पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये जगभरच्या बिशपांना याच विषयासाठी रोमला बोलावलं. त्याच वर्षी मे महिन्यात नवा नियम आला. धर्मगुरू, सिस्टर्स यांना अशी गोष्ट कळली तर त्यांनी वरिष्ठांना कळवलीच पाहिजे, आणि प्रत्येक धर्मप्रांताने लोकांना सहज तक्रार करता येईल अशी व्यवस्था केली पाहिजे. या नियमात मुलांबरोबर आजारी, अपंग, मनाने खचलेल्या, स्वतःचं रक्षण करू न शकणाऱ्या मोठ्या माणसांचाही समावेश आहे. ज्या मैत्रिणी कॅथलिक आहेत त्यांनी आपल्या चर्चमध्ये सरळ विचारावं, ''आपल्या धर्मप्रांतात अशी तक्रार कुणाकडे करायची? त्यांचं नाव, फोन नंबर सूचनाफलकावर का नाही?'' हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे. छोट्या, स्वतंत्र प्रार्थनागृहांत तर वर विचारायला कुणी नसतंच. तिथे आपणच जास्त जागं राहायला हवं.

हे एका धर्माचं दुखणं नाही

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. हे वाचून कुणी शेजारच्या ख्रिस्ती बाईकडे बोट दाखवणार असेल, तर त्याने हा लेख वाचलाच नाही असं मी समजेन. आसारामला एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराबद्दल जोधपूरच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये जन्मठेप दिली. बाबा राम रहीमला दोन शिष्यांवरच्या बलात्काराबद्दल ऑगस्ट २०१७ मध्ये शिक्षा झाली. दोघांचेही लाखो भक्त होते. बुरखा भगवा असतो, पांढरा असतो, कुठल्याही रंगाचा असतो.

आणि सोलापूरकरांनी तर हे विसरूच नये, की अमेरिकन मराठी मिशनने इथे शाळा काढल्या, बालवाड्या काढल्या. पिढ्यान्‌पिढ्या पोरी तिथे शिकल्या, पुढे शिक्षिका आणि नर्स झाल्या. ते ऋण आहेच. पण ऋण आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, असं थोडंच आहे?

पंडिता रमाबाईंचंच उदाहरण घ्या. स्वतः ख्रिस्ती झालेल्या, मिशनऱ्यांमध्ये वावरणाऱ्या बाई. १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी पुण्याच्या प्लेग रुग्णालयात तरुण मुली सुरक्षित नाहीत, हे त्यांनी आपल्या आश्रमातल्या मुलीचा दाखला देऊन जाहीर पत्रात लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. रमाबाई मागे हटल्या नाहीत. समोर सरकार होतं, तरी आपल्या आश्रमातल्या मुलीसाठी त्या बोलल्या. आपल्यापुढे तर आपलंच पोर असतं.

असा माणूस जाळं कसं टाकतो?

अशा माणसाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. उलट तो गोड बोलतो आणि मुलांमध्ये रमतो. तो आधी घर निवडतो. जिथे बाप दारू पितो, जिथे आई विधवा आहे, जिथे फी भरायला पैसे नाहीत, जिथे पोर वसतिगृहात राहतं आणि आई-वडील ऊसतोडीला गेलेत. मग तो त्या घरावर उपकार करतो. वह्या-पुस्तकं आणून देतो, औषधाला पैसे देतो, जेवायला येतो. घरातल्यांना वाटतं, देवच धावून आला.

मग मुलाला वेगळं काढणं सुरू होतं. 'तू सगळ्यांत हुशार, तू थांब, तुला वेगळं शिकवतो.' छोटी भेट दिली जाते आणि 'हे घरी सांगू नको' असं बजावलं जातं. हे पहिलं गुपित. ते टिकलं की हात लावणं सुरू होतं, आधी सहज झाल्यासारखं. आणि शेवटी धमकी येते. बाहेरचा माणूस म्हणेल 'मारीन'. देवाच्या नावावर जगणारा म्हणतो, 'कुणाला सांगितलंस तर देव कोपेल, तुझी आई आजारी पडेल.' एवढ्याशा जिवाला ते खरंच वाटतं. आपल्या हातूनच पाप झालं, असं मानून ते पोर कुढत बसतं.

म्हणून मूल शब्दांनी सांगत नाही, वागण्यातून सांगतं. दर रविवारी सकाळीच पोट दुखतं. आवडीने गाणारी मुलगी गाण्याला जायचंच नाही म्हणते. मोठं झालेलं पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. नवं घड्याळ, नवा मोबाइल कुठून आला ते सांगत नाही. एखाद्याचं नाव काढलं की गप्प होतं. यातल्या एखाद्या गोष्टीवरून लगेच आरोप करायचा नाही. पण 'नाटकं करतोस' म्हणून ढकलून पाठवायचंही नाही. जवळ घेऊन विचारायचं.

कायदा आपल्या बाजूने आहे

१४ नोव्हेंबर २०१२, म्हणजे बालदिनापासून आपल्या देशात पॉक्सो कायदा लागू झाला. १८ वर्षांखालची मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही तो संरक्षण देतो. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक बाईला माहीत हव्यात.

धार्मिक संस्थेच्या किंवा शाळेच्या व्यवस्थापनातल्या, कर्मचाऱ्यांतल्या माणसाने तिथल्या मुलावर अत्याचार केला, तर कायदा तो जास्त गंभीर गुन्हा मानतो. बलात्कारासारख्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षं शिक्षा आहे.

अशी गोष्ट ज्याला कळली त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. डॉक्टर, शिक्षक, धर्मगुरू, शेजारी, कुणालाच सूट नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात माहिती असूनही न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि वेळेवर कळवणं किती महत्त्वाचं आहे, हे ठासून सांगितलं. तेव्हा 'आम्ही आतल्या आत चौकशी करतो, तुम्ही गवगवा करू नका' असं कुणी म्हणालं, तर तो माणूस तुम्हाला कायदा मोडायला सांगतोय हे ओळखा.

चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाला पोलीस ठाण्यात रात्री ठेवता येत नाही. त्याचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत, आई-वडिलांसमोर घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. मुलाचं नाव, फोटो, पत्ता छापता येत नाही. 'बदनामी होईल' या भीतीने कितीतरी आया गप्प बसतात, त्यांना हे सांगायला हवं.

कायदा कागदावर आहे, तो आपोआप चालत नाही, हेही खरं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. म्हणून एकटीने जाऊ नका. गटातल्या दोघी-तिघी बरोबर घ्या. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

मोठ्या माणसांचं काय?

मोठी माणसंही अगतिक असतात. मूल होत नाही म्हणून प्रार्थनेला जाणारी सून, नवरा गेल्यावर आधार शोधणारी बाई, अंगात येतं म्हणून कुणाच्या ताब्यात दिलेली मनोरुग्ण मुलगी, बोलता न येणारी बहीण, संस्थेत राहणारी म्हातारी. यांच्यावर काही ओढवलं तर 'तिचीही संमती असेल' म्हणायला लोक मोकळे!

मला एक बाई भेटली होती. तिच्या गुडघ्यांसाठी हात ठेवून प्रार्थना करणारा माणूस तिला वारंवार एकटीलाच आतल्या खोलीत बोलवायचा. तिने जाणं बंद केलं, पण घरी सांगितलं नाही. ''सासूबाईच म्हणतील, तुझ्याच मनात पाप,'' असं म्हणाली. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी जाऊन बसलो. गंमत म्हणजे सासूबाईंनीच पदर खोचला आणि पुढे कुणाही सुनेला त्या खोलीत एकटं जाऊ दिलं नाही.

कायदा इथेही आहे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेचा गैरफायदा घेऊन केलेला बलात्कार, तसंच मानसिक वा शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रीवरचा बलात्कार, हा जास्त कडक शिक्षेचा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यानुसार दैवी शक्तीचा दावा करून लैंगिक शोषण करणं हा गुन्हा आहे, मग तो बाबा असो, भगत असो की आणखी कुणी. आणि संस्थेत काम करणाऱ्या बाईला, मग ती बिनपगारी सेवा करत असली तरी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं संरक्षण आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते, एवढं लक्षात ठेवा.

आपण काय करू शकतो?

आपलं मूल जिथे जातं ते ठिकाण एकदा तरी स्वतः जाऊन बघा. अधूनमधून न सांगताही जा. चांगल्या ठिकाणी तुमचं स्वागतच होईल.

चर्च असो, मंदिर असो, क्लास असो, एक साधा नियम मागून घ्या. एक मोठा माणूस आणि एक मूल असे दोघेच बंद दाराआड असणार नाहीत. दार उघडं किंवा दुसरं मोठं माणूस बरोबर. शिबिरात मुलींसोबत बाई हवीच. मुक्कामी कोण असणार, झोपायची व्यवस्था काय, हे आधी विचारा. शिकवणारा नवा माणूस आधी कुठे होता, तिथून का निघाला, याची चौकशी कमिटीने करायलाच हवी. कमिटीत बायका नसतील तर दोघी-तिघींनी पुढे व्हा. हा नियम सगळ्यांना सारखा असला की कुणा एकावर संशय घेतल्यासारखं होत नाही आणि चांगल्या माणसालाही तो आधारच वाटतो.

घरात मुलांना शरीराच्या अवयवांची नावं न लाजता सांगा. 'मोठ्यांचं ऐकावं' याच्या जोडीला 'मोठा माणूस चुकीचं वागला तर ऐकायचं नाही' हेही शिकवा. आईपासून लपवायला लावणारं गुपित चांगलं नसतं, हे अगदी लहान पोरालाही कळतं. आणि कुणाच्या पाया पडायचं, कुणाच्या मांडीवर बसायचं, याची जबरदस्ती करू नका.

मुलाने काही सांगितलंच, तर काय करायचं? आधी शांत राहा. ''तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे,'' ही तीन वाक्यं पाठ करून ठेवा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, नातेवाइकांसमोर बोलायला लावू नका. कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. सिव्हिलला किंवा कुठल्याही दवाखान्यात न्या. अशा वेळी खासगी रुग्णालयानेही विनामूल्य उपचार द्यायचे असतात आणि पोलिसांचा कागद आधी मागायचा नसतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि ११२ हा पोलिसांचा नंबर आहे. दोन्ही फुकट लागतात. पुढे बालकल्याण समिती आहे, मोफत वकिलासाठी न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतही मिळते. त्यासाठी याच प्राधिकरणाकडे चौकशी करा.

आणि त्या माणसाला जाब विचारायला आधी त्याच्याकडे जाऊ नका. तो सावध होतो, पुरावे नाहीसे होतात, मुलावर दबाव येतो. समाजातल्या वडीलधाऱ्यांना, फादरना, पास्टरना, ट्रस्टींना जरूर सांगा, पण पोलिसांत गेल्यानंतर.

शेजारीण म्हणून

एक काम आपल्या सगळ्यांचं आहे. गोवंडीच्या त्या घराला गुन्हेगाराने जेवढं छळलं, तेवढंच प्रार्थनेत शेजारी बसायला नकार देणाऱ्यांनीही छळलं. ती माणसं वाईट नव्हती. तुमच्या-आमच्यासारखीच होती. आपल्या चर्चची बदनामी झाली, याचं त्यांना वाईट वाटलं असणार. उद्या आपल्या गल्लीत, आपल्या देवळात, आपल्या चर्चमध्ये असं घडलं, तर आपण कुणाच्या शेजारी बसणार आहोत, हे आजच ठरवून ठेवूया. त्या आईकडे डबा घेऊन जा. कोर्टाच्या तारखेला तिच्याबरोबर जा. तिच्या दुसऱ्या मुलांना आपल्या घरी खेळायला बोलवा. सहा-सहा वर्षं केस लढायला माणसाला यापेक्षा मोठं बळ लागत नाही.

बचत गटातल्या त्या आजींना मी त्या दिवशी एवढंच म्हणाले, ''आजी, लेकरू सांगत असताना आपण कान बंद केले, तर पाप त्याचं लागेल.'' आजी विड्या बांधता बांधता थांबल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, ''मग उद्या जाऊन बघून तर येऊ की, पोरं कुठं बसतात ते.''

तुम्हीही जा, मैत्रिणींनो. या रविवारीच जा.